बहिर्जी नाईक आणि जालन्याची वाट

हेराचें काम शत्रूची गुपितें काढण्यापुरतेंच असतें, असा सर्वसाधारण समज आहे. बहिर्जी नाइकाचें चरित्र निराळें सांगतें. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीपूर्वीं तेथील संपत्तीची खबर त्यानेंच शिवाजीमहाराजांस दिली, असें सभासदाच्या बखरींत आहे. परंतु खरी कसोटी १६७९ सालीं लागली. मोगल शाहजादा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, असतांना मराठ्यांनीं तेथून पूर्वेस सुमारें ६० किलोमीटरांवरील जालन्याची पेठ लुटली. परततांना मोगलांनीं गांठलें. सिधोजी निंबाळकर पडले. लुटीनें जड झालेलें सैन्य बहिर्जीनें आडमार्गानें अहोरात्र चालवून पट्टागडास पोंचविलें. तोच पुढें विश्रामगड झाला. अशा वाटा संकटांत शोधून सांपडत नाहींत. त्या आधींच पायांखालीं घालाव्या लागतात. बातमी आणणें हें हेराचें अर्धेंच काम होय.