चुना न वापरता लावलेला चुना!

मार्च आला की ऑफिसात एकच धावपळ. भाड्याच्या पावत्या शोधा, इन्शुरन्सचे कागद जमवा, अकाऊंट्सवाल्यांच्या विनवण्या करा. टॅक्स वाचवण्यासाठी आपण काय काय नाही करत! पण टॅक्स वाचावा म्हणून राहतं घर पाडलंय कधी? दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात एक अख्खं गाव या तयारीत राहायचं. नाव आल्बेरोबेल्लो.

फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यावर राखाडी दगडांच्या शंकूसारख्या टोप्या. या घराला म्हणतात त्रुल्लो, आणि अनेक असली की त्रुल्ली. शब्द मूळचा ग्रीक, घुमट या अर्थाचा. मला तर पहिल्यांदा पाहताना कार्टूनचा सेटच वाटला होता. रियोने मोंती या एकाच भागात असे हजारावर त्रुल्ली आहेत, बोला!

आता नावाची गंमत. आजच्या इटालियनमध्ये 'आल्बेरो बेल्लो' म्हणजे सरळसरळ सुंदर झाड. एकदम रोमँटिक! पण जुन्या लॅटिनमध्ये इथल्या ओकच्या जंगलाचं नाव होतं 'सिल्वा आर्बोरिस बेल्ली', आणि त्यातल्या 'बेल्ली'चा अर्थ होतो युद्धाचं. म्हणजे युद्धवृक्षाचं रान! शतकं उलटली, भाषा बदलली आणि युद्धाचं झाड आपोआप सुंदर झालं.

जंगल होतं कोन्व्हेर्सानोच्या आक्वाव्हिवा घराण्याच्या जहागिरीत. कष्टकरी कुटुंबं आणून त्यांनी रान साफ करून घेतलं, शेती सुरू केली. पण तेव्हाच्या नेपल्सच्या राज्यात नवं गाव वसवायचं तर राजाची परवानगी हवी आणि वर कर भरायचा. १६३५ च्या सुमारास इथे वस्ती वाढवणारा काउंट जानजिरोलामो दुसरा भलताच हिशेबी. त्याचा फंडा साधा होता : घरं बांधा, पण चुना वापरायचा नाही. दगडावर नुसता दगड. तपासणीला माणूस येतोय अशी कुणकुण लागली की छप्परं उतरवायची. गाव कुठंय? इथे तर नुसते दगडांचे ढीग!

बिनचुन्याची बांधणी म्हटल्यावर आपल्याला हेमाडपंती देवळं आठवणारच. इथेही हे तंत्र काही करासाठी जन्मलं नव्हतं. शेतात नांगराला अडणारा चुनखडीचा दगड फुकटात मिळायचा, आणि तो रचायची कला या भागात फार जुनी. काउंटने फक्त तिचा सॉलिड फायदा घेतला. चुना न वापरता राजाला चुना लावला म्हणा ना!

टूरिस्ट पुस्तकांत या काउंटच्या हुशारीचं जाम कौतुक असतं. मला मात्र ते खटकतं. कर वाचायचा काउंटचा, घर पडायचं शेतकऱ्याचं. रात्री निरोप आला की लेकरंबाळं बाहेर काढायची आणि स्वतःच्या हातांनी रचलेलं छप्पर स्वतःच्याच हातांनी उतरवायचं. कागदोपत्री गावच नाही, मग दाद मागणार कुणाकडे? कायम भाडेकरू असणाऱ्या आपल्याला हे दुःख थोडंफार कळावं. पण आपल्याला निदान नोटीस पीरियड तरी असतो.

हे पुढे दीडशेहून जास्त वर्षं चाललं. शेवटी १७९७ मध्ये गावातल्या सात जणांनी हिंमत केली. राजा फर्डिनांड चौथा तारांतोला आला होता. जहागीरदाराला डावलून हे सातजण थेट त्याला भेटले. २७ मे १७९७ ला राजाचा हुकूम निघाला आणि आल्बेरोबेल्लो जहागिरीतून मोकळं झालं. गाव अखेर कागदावर आलं!

मग गावकऱ्यांनी केलं काय? त्याच वर्षी चुन्याने सांधलेलं पहिलं घर उभं राहिलं. त्याचं नाव 'काझा दामोरे'. शब्दशः अर्थ प्रेमाचं घर. जोडप्यांनो, थांबा! दामोरे हे मालकाचं आडनाव. हा फ्रांचेस्को दामोरे पुढाऱ्यांपैकी एक. घराच्या दर्शनी भागावर लेख कोरलाय, की हे राजाच्या परवानगीने बांधलंय. साहजिकच आहे. इतकी वर्षं लपवालपवी केल्यावर परवानगी कपाळावर मिरवावीशी वाटणारच.

१९९६ साली युनेस्कोने इथल्या त्रुल्लींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्या छपरांचा दगड निरोप येताच काढावा लागायचा, त्यांचा एक दगड हलवायचा तरी आता आधी परवानगी काढावी लागते.