मामा तलावांची पाळ कोण राखणार?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून धानाचा जो पट्टा होतो, त्यात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारदरबारी ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यातले ‘मामा तलाव’. त्यातले बरेचसे मातीच्या पाळी घालून कोहळी समाजाने बांधले. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला गोंड राजांनी जमिनीचे हक्क दिले, असं इथली परंपरा सांगते. नवेगावबांध हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध तलाव. डोंगरांमधल्या खिंडी बांधांनी अडवून तो तयार झाला आणि त्याचं श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. या तलावांबद्दल बोलताना आपण बांधणाऱ्यांच्या कौशल्यापाशी थांबतो. ते कौशल्य खरंच मोठं आहे. पण मातीची पाळ शेकडो वर्षं टिकते ती दर वर्षी कुणीतरी तिची डागडुजी करतं म्हणून, आणि आज हे तलाव ढासळत आहेत ते पाणी घेणारा व पाळ राखणारा यांची फारकत झाली म्हणून.

दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिलं तर ते बहुधा सोसतं. मातीच्या पाळीला ते सोसत नाही. माथ्यावरून पाणी पडू लागलं की मागच्या उताराची माती धुपते आणि काही तासांत खिंडार पडतं. म्हणून जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा मोकळा असणं हाच या बांधकामाचा प्राण. सांडव्यात झुडपं माजली, किंवा थोडं जास्त पाणी साठावं म्हणून कुणी तिथे मातीचा थर टाकला, तर संकट ओढवलंच. दुसरा धोका आतून येतो. पाळीतून थोडं पाणी झिरपणारच. ते निवळ असेल तर चिंता नाही. ते गढूळ येऊ लागलं की पाळीची माती आतल्या आत वाहून चालली आहे, असं समजावं. उंदीर-खेकड्यांची बिळं आणि मेलेल्या झाडांची कुजलेली मुळं याच वाटा रुंद करतात. पाळीवर माजलेलं बेशरमाचं रान नुसतं कुरूप नाही, त्याच्या आड ही बिळं दिसतच नाहीत. यातल्या एकाही दोषाला मोठं यंत्र लागत नाही. दर पावसाळ्याआधी पाळीवरून चालत जाणारा, पाणी निवळ आहे की गढूळ हे पाहणारा आणि कुदळ-टोपलं घेऊन भोक बुजवणारा माणूस लागतो. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019च्या रात्री फुटलं, तेही मातीचंच. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. पाहणारे डोळे होते, पण दुरुस्तीचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.

पूर्व विदर्भात तो अधिकार आणि ती जबाबदारी एके काळी गावातच होती. इंग्रजांनी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं, तरी पाण्याचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रिवाजांच्या दप्तरात नोंदले गेले, गावकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या गरजांसाठीच्या सामाईक वापराचे, हक्क मान्य झाले आणि देखभालीचं काम गावाच्या मेहनतीवर चालत राहिलं. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे ते पाटबंधारे खातं आणि जिल्हा परिषदांमध्ये वाटले गेले. खात्याने पाणीपट्टी मागितली, तर पिढ्यान्‌पिढ्या हक्काचं पाणी घेणाऱ्याला ती अन्याय्य वाटली. पट्टी मिळेना म्हणून डागडुजी होईना, आणि डागडुजी नाही म्हणून पट्टी कुणी देईना.

यावर रास्त आक्षेप असा की जुनी व्यवस्था वेठबिगारीवर उभी होती, तिचे गोडवे कशाला गायचे? ती गेली हे योग्यच झालं. माझं म्हणणं इतकंच, की मालगुजाराचे हक्क रद्द करताना त्याची कर्तव्यं गावातल्या कुणाच्याही नावावर चढवली गेली नाहीत. दुसरा आक्षेप असा की इटियाडोह, गोसीखुर्दसारखी मोठी धरणं असताना हे छोटे तलाव कशाला राखायचे? पण कालव्याच्या पातळीपेक्षा उंचावरच्या गावाला ते पाणी चढत नाही. इथे पाऊस चांगला पडतो, तरी तो चार महिन्यांत सरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोंबी भरताना एक-दोन पाण्यांची ओढ पडली की धान पोचट राहतं. ते पाणी हातचा तलावच देतो, शिवाय खालच्या विहिरींना पाझरही पुरवतो.

गाळ काढला की प्रश्न सुटतो, हाही समज पक्का आहे. 2017च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने हे काम वाढवलं आणि शेताला सुपीक माती मिळाली, हे चांगलंच. परंतु गाळ काढल्याने पाळ मजबूत होत नाही. उलट यंत्र पाळीच्या पायथ्याजवळ खोदत गेलं तर तिचा आधारच सुटतो. धरण सुरक्षेचा 2021चा कायदाही इथे फारसा उपयोगी नाही: तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरच्या धरणांना काही अटींवर लागू होतो. बहुतेक मामा तलावांची पाळ त्याच्या कक्षेत येतच नाही.

तेव्हा व्यवस्था गावपातळीवरच करावी लागेल. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा 2005चा कायदा पाणीवापर संस्थेला पाया देतो. मात्र तलाव फक्त शेतकऱ्याचा नाही. मासेमारीवर जगणारे ढिवर रोज त्या पाण्यात उतरतात आणि पाळीतला बदल त्यांच्याच नजरेला आधी पडतो, म्हणून संस्थेत त्यांना जागा हवी. मासेमारीच्या ठेक्याची रक्कम आणि पाणीपट्टी यांतला ठरावीक वाटा त्याच तलावाच्या खात्यात राहावा, मे महिन्यात पाळ, सांडवा आणि शेताकडे पाणी सोडायचं तोंड यांची पाहणी संस्थेने करावी, आणि गळती दिसताच खात्याच्या मंजुरीची वाट न पाहता खर्च करण्याची मुभा तिला असावी.