बेटकास्टिंग रीळ

गळाच्या काठीवर बसविण्यात येणारे व आडव्या फिरकीवर दोरा गुंडाळणारे एक उपकरण. आमिष दूर फेकले असता या रिळाची फिरकी स्वतः फिरते व दोरा सोडते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. स्पिनिंग रिळात फिरकी स्थिर असते आणि दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो; त्यामुळे फेकीच्या वेळी फिरकी आवरण्याचा प्रश्न तेथे उद्‌भवत नाही. बेटकास्टिंग रिळात मात्र तोच मुख्य प्रश्न असतो. म्हणून या रिळाची निवड करताना त्याच्या गतिरोधकाचा विचार प्रथम करावा लागतो.

इतिहास : मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीला अनेक फेरे देणारी दंतचक्रयुक्त रिळे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार होत. अमेरिकेतील केंटकी राज्यातील पॅरिस या गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत अशी रिळे घड्याळाच्या अचूकतेने बनविली. स्वीडनमधील आबू कंपनीच्या ‘अँबॅसेडर’ रिळांमुळे (१९५२) केंद्रोत्सारी गतिरोधकाचा मोठा प्रसार झाला. १९८० नंतरच्या दशकात चुंबकी आणि एकविसाव्या शतकात इलेक्ट्रॉनिक गतिरोधक प्रचारात आले.

गतिरोधकाची आवश्यकता : फेकीच्या आरंभी आमिषाचा वेग सेकंदाला २५ मी. आणि फिरकीवरील दोऱ्याच्या थराचा परीघ १० सेंमी. असेल, तर फिरकी सेकंदाला २५०, म्हणजे मिनिटाला १५,००० फेरे घेते. हवेच्या रोधामुळे आमिषाचा वेग लगेच घटू लागतो. फिरकी मात्र निरूढीमुळे पूर्वीच्याच वेगाने फिरू पाहते. आमिष ओढून नेईल त्याहून अधिक दोरा सुटतो, तो फिरकीवरच सैल पडतो आणि त्याचा गुंता होतो. उलट, रोध प्रमाणाबाहेर असल्यास फेक आखूड पडते. सारांश, आरंभी पुरेसा व पुढे क्रमाने कमी होणारा रोध इष्ट असतो.

गतिरोधकांचे प्रकार : (१) ताणघुंडी : ही फिरकीच्या आसाच्या टोकावर दाब देते. तिचा रोध वेगावर फारसा अवलंबून नसल्याने फेकीच्या शेवटीही तो तितकाच राहतो व अंतर घटते. म्हणून ती केवळ पूरक मानतात.

(२) केंद्रोत्सारी गतिरोधक : फिरकीबरोबर फिरणारे लहान ठोकळे केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर सरकून एका कड्यावर घासतात. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की रोध एक चतुर्थांश होतो. त्यामुळे फेक लांब जाते. तथापि ठोकळे झिजतात, तेल वा मळ लागल्यास घर्षण बदलते आणि अनेक रिळांत कार्यरत ठोकळ्यांची संख्या बदलण्यासाठी बाजूची तबकडी उघडावी लागते.

(३) चुंबकी गतिरोधक : ॲल्युमिनियमची फिरकी वा तिला जोडलेले कडे चुंबकांजवळ फिरताना त्यात भोवऱ्यासारखे विद्युत् प्रवाह निर्माण होतात व ते गतीला विरोध करतात. चुंबक स्थिर असल्यास रोध साधारणपणे वेगाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की रोधही निम्मा होतो. भाग एकमेकांना घासत नसल्याने झीज होत नाही आणि बाहेरील घुंडीने रोध कमीजास्त करता येतो. फेकीच्या उत्तरार्धात मात्र तो केंद्रोत्सारी प्रकाराहून अधिक उरतो. काही रिळांत वेग वाढला की कडे सरकून चुंबकी क्षेत्रात अधिक शिरते व हा दोष कमी होतो.

(४) इलेक्ट्रॉनिक गतिरोधक : यात सूक्ष्म संगणक फिरकीचा वेग सतत मोजून रोध ठरवितो. शिमानो कंपनीच्या रिळांत यासाठी लागणारी वीज फिरकीच्या गतीतूनच मिळत असल्याने विद्युत् घट लागत नाही. किंमत अधिक असते व घरी दुरुस्ती करणे कठीण असते.

निवड : प्रथम आमिषाचे वजन पहावे. सुमारे १० ते ३० ग्रॅ. आमिषांना सर्वसाधारण रीळ चालते, ५ ग्रॅ.पेक्षा हलक्या आमिषांना उथळ व अतिशय हलकी फिरकीच लागते, कारण जड फिरकीचा दोष कोणताही गतिरोधक पूर्णपणे झाकू शकत नाही. समोरून वारा असता वा नवशिक्यास चुंबकी प्रकार सोयीचा ठरतो. जड आमिष लांब फेकणाऱ्या अनुभवी व्यक्तीस केंद्रोत्सारी प्रकार अधिक लाभदायक असतो. दंतचक्रांचे गुणोत्तर ६ : १ व थराचा परीघ १० सेंमी. असल्यास मुठीच्या एका फेऱ्यात ६० सेंमी. दोरा गुंडाळला जातो. पाण्यात जोराने ओढ देणाऱ्या आमिषास ५ : १, तर सैल दोरा त्वरेने गोळा करण्यास ७ : १ वा अधिक गुणोत्तर योग्य असते. धारव्यांची संख्या ही गुणवत्तेची खूण नव्हे. गळाला लागलेल्या माशाची ओढ सांभाळणारा घर्षण-रोधक निराळा असून त्याची क्षमता स्वतंत्रपणे तपासावी. खाऱ्या पाण्यात न गंजणारे भाग आवश्यक असतात व वापरानंतर रीळ गोड्या पाण्याने धुवावे लागते.

वापर : आमिष लोंबते ठेवून फिरकी मोकळी करावी. ते सावकाश खाली यावे आणि जमिनीस टेकताच फिरकी थांबावी, इतकी ताणघुंडी आवळावी. आमिष पाण्यावर पडताच त्याची ओढ एकाएकी संपते, परंतु फिरकी फिरतच असते. तो क्षण ओळखून फिरकीवर अंगठा टेकविणे हे काम कोणत्याही यंत्रणेवर सर्वस्वी सोपविता येत नाही.