बंद घरातलं वांगं

जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका दक्षिणेला गोदावरीला भिडतो. काळी जमीन, कपाशी, तूर, मोसंबीच्या बागा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस. या सगळ्यात घरच्यापुरता किंवा आठवडी बाजारापुरता भाजीपाला करणारे शेतकरी गावोगाव आहेत, आणि त्यांना दोन शत्रू नेमके ठाऊक आहेत. एक, वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. दुसरा, भेंडीवर पडणारा केवडा हा विषाणूजन्य रोग. पानाच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या की शेतकरी ओळखतो, हा तोडा आता हातचा गेला.

या दोन्ही शत्रूंशी चाललेल्या लढाईचा एक मोठा भाग याच जिल्ह्यात झाला, पण उघड्या शेतात नव्हे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की बदनापूर तालुक्यात दावलवाडी लागते. महिको कंपनीचं संशोधन केंद्र इथे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिकोची स्थापना केली. त्यांच्या बियाण्याच्या व्यवसायाची सुरुवात भेंडीने झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला ‘पुसा सावनी’ हा वाण तेव्हा केवड्याला दाद देत नव्हता. त्याचं बी वाढवून विकता विकता बारवाले यांनी देशातली एक मोठी बियाणे कंपनी उभी केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पुढे पुसा सावनीची ताकद ओसरली. विषाणू बदलतो, त्याला वाहून नेणारी पांढरी माशीही बदलते, त्यामुळे वाणाची परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. उघड्या शेतात या परीक्षेचा भरवसा नसतो. एखाद्या हंगामात माशीच कमी असली तर दुबळं झाडही निरोगी दिसतं. म्हणून बारीक जाळीच्या बंद घरात रोगट झाडांवर पांढरी माशी मुद्दाम वाढवतात आणि कोवळ्या रोपांवर सोडतात. प्रत्येक रोपाला माशी सारखीच भिडते. त्यातून जे हिरवं राहील ते खरं.

बंद घरात हवामान हवं तसं राखण्याची कल्पना जगात तशी अलीकडची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत फ्रिट्स वेंट यांनी 1949 साली उजेड, उष्णता आणि आर्द्रता हवी तशी राखता येईल अशी प्रयोगशाळा उभारली. दिवसाइतकंच रात्रीचं तापमानही टोमॅटोची वाढ ठरवतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आज दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत अशाच कामासाठी एक मोठं केंद्र आहे. 2017 साली त्याला हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचं नाव दिलं गेलं.

दावलवाडीची सर्वाधिक चर्चा झाली ती वांग्यामुळे. अळीचा पतंग पानाफुलांवर अंडी घालतो. अळी बाहेर आली की थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते, आणि एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी फवारत राहतो, तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत. वांग्याच्या पेशींनी स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करावं, या हेतूने महिकोने 2000 साली काम हाती घेतलं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच ‘बीटी’, या मातीतल्या जिवाणूचं ‘क्राय-वन-एसी’ हे जनुक त्यासाठी निवडलं. हे प्रथिन पतंगवर्गीय अळीच्या आतड्याला चिकटतं. अळी खाणं सोडते आणि मरते.

जनुक घातलेल्या पेशींपासून निर्जंतुक बाटलीत इवली रोपं तयार होतात. ती थेट शेतात नेता येत नाहीत. कायद्यानेही नाही, कारण 1989 च्या नियमांनुसार अशा प्रत्येक पायरीला परवानगी लागते. मधला मुक्काम बंद हरितगृहाचा. दारामागे दुसरं दार, कीटक शिरणार नाही अशी जाळी, आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद, काम संपल्यावर झाडांचे अवशेष नष्ट करण्याची शिस्त. वांग्याच्या फुलातले परागकोष फक्त टोकाच्या छिद्रांतून पराग सोडतात. शेतात भुंगे गुणगुणत फूल हलवतात तेव्हा तो सांडतो. बंद घरात भुंगा नाही. तिथे संकर करायचा तर फूल उमलण्याआधी चिमट्याने नर भाग काढायचा, निवडलेला पराग हाताने लावायचा, फुलावर पिशवी चढवायची आणि चिठ्ठी बांधायची. मग फळ, बी, पुढची पिढी, आणि प्रत्येक पिढीत जनुक टिकलं का याची तपासणी. हे काम हातांचं आणि धीराचं आहे. त्यातली एक चूक अख्खी पिढी वाया घालवते.

2005 साली महिकोने हे तंत्र कोइमतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांनाही दिलं. धारवाडने निवडलेल्या वाणांत आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला मांजरी गोटा होता, कुडची लोकलही होता. हेतू असा की शेतकऱ्याला बी पुढच्या वर्षासाठी राखता यावं.

14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. नागपूर त्यांपैकी एक. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. भारत हे वांग्याच्या विविधतेचं माहेर आहे, दूरवरच्या परिणामांचा स्वतंत्र अभ्यास हवा, हे आक्षेप गंभीर होते. त्यांची उत्तरं बंद घरात मिळणारी नव्हती. तिथे अळी मरते का एवढं कळतं. गावरान वाणांचं, मधमाश्यांचं काय होईल, बी कोणाच्या मालकीचं राहील, हे शिवारात आणि चर्चेतच ठरायचं असतं. पण त्यासाठी चाचण्या आणि चर्चा चालू राहायला हव्या होत्या. त्या रखडल्या, आणि शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तिथेच राहिला.

दरम्यान तेच तंत्र बांगलादेशात पोचलं. जानेवारी 2014 मध्ये तिथल्या 20 शेतकऱ्यांना रोपं मिळाली. 2018 पर्यंत लागवड करणाऱ्यांची संख्या 27,012 वर गेली.

जालन्याची वांग्याशी असलेली गाठ मात्र सुटलेली नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी वेगळं जनुक वापरून स्वदेशी बीटी वांगं तयार केलं, आणि ते तंत्र घेतलं जालन्याच्याच बेजो शीतल कंपनीने. त्यातून आलेल्या ‘जनक’ आणि ‘बीएसएस-793’ या संकरित वाणांच्या शेतचाचण्यांना 2020 मध्ये केंद्रीय समितीने आठ राज्यांत अनुमती दिली. चाचणी प्रत्यक्ष घेण्यासाठी त्या त्या राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. त्या आठ राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नव्हता.