‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

श्रोतेहो, आपल्या भंडारा जिल्ह्यात अलीकडे एक वाक्य फार ऐकू येते. सेवा केंद्राच्या खिडकीशी, पतसंस्थेच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठेही जा. ‘नेट नाही, उद्या या.’ लाखांदूरच्या किंवा पवनीच्या टोकावरच्या गावातून एस.टी.ने आलेल्या माणसाला हे वाक्य महागात पडते. भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते, आणि धान खरेदीच्या नोंदणीची किंवा पीक विम्याची मुदत संपत आली असेल तर त्याहून जास्त जाते. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांकडे जरा जास्तच लक्ष जाते. या वाक्यातला ‘नाही’ मला नेहमी अडतो. काय नाही? तार तुटली आहे, राऊटर बंद आहे, पलीकडचा संगणक झोपला आहे, की सरकारी संकेतस्थळावर गर्दी झाली आहे? चार निरनिराळ्या दुखण्यांना एकच नाव दिले की औषध सापडत नाही.

आज आपण यातल्या एकाच कामाविषयी बोलू. त्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. म्हणजे एका गावात बसून दुसऱ्या गावचा संगणक चालवायचा. साकोलीच्या एखाद्या केंद्रातला प्रिंटर किंवा बोटाचा ठसा घेणारे यंत्र अडले, की दुरुस्तीसाठी दरवेळी नागपूरहून माणूस येत नाही. तो तिथूनच साकोलीचा पडदा पाहतो आणि बिघाड दुरुस्त करतो. हिशेबनीस घरून दुकानाचे खाते उघडतो. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा मोहाडीतल्या वडिलांच्या संगणकावर वीजबिल भरून देतो. सोय मोठी आहे. पण हीच जोडणी ऐन वेळी लागत नाही, आणि मग सगळे काम खोळंबते.

आधी हे चालते कसे ते पाहू. दूरच्या संगणकाच्या पडद्याचे चित्र आपल्याकडे येते आणि आपण दाबलेली कळ, हलवलेला माऊस यांची खबर तिकडे जाते. बस, एवढीच देवाणघेवाण. सारे काम दूरच्या यंत्रावरच होते. मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये ही सोय दिली. पुढे २००५ साली जर्मनीत टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये तिथेच एनीडेस्क या कंपन्या निघाल्या. या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. विंडोजची आपली सोय थेट पत्ता मागते, म्हणजे पलीकडच्या संगणकाचा इंटरनेटवरचा किंवा कार्यालयातल्या जाळ्यातला पत्ता. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांत मात्र दोन्ही संगणक आधी कंपनीच्या मधल्या सर्व्हरकडे हजेरी लावतात. आपण एक क्रमांक सांगतो आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जोडणी लागत नाही तेव्हा काय करावे? आपला जिल्हा तलावांचा. बांधीत पाणी आले नाही तर आपला शेतकरी थेट तलावाला दोष देत नाही. तो आधी आपल्या बांधीचे तोंड पाहतो, मग पाट पाहतो, मग शेजाऱ्याने पाणी वळवले का ते पाहतो आणि शेवटी तलावाच्या दारापाशी जातो. इथेही तीच रीत. जवळून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा तपासत दूर जायचे.

पहिला टप्पा आपल्या टेबलावरचा. दुसरे कुठलेही साधे संकेतस्थळ उघडते का? उघडत असेल तर आपले नेट ठीक आहे, दोष पुढे आहे. काहीच उघडत नसेल तर राऊटरकडे वळा. फायबरची जोडणी असेल तर त्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशाचा संदेश येत नाही. फायबर कुठेतरी तुटली आहे, सुटली आहे किंवा वाकली आहे. अशा वेळी संगणकात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. खोलीतली पिन नीट बसलेली आहे का ते पाहावे आणि कंपनीला फोन करावा. दिवे ठीक असतील तर राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावा. वीज जाऊन आल्यावर राऊटर उभा राहायला दोन-चार मिनिटे घेतो, तेवढा धीर धरावा.

दुसरा टप्पा पत्त्याचा. संगणकाच्या शोधपट्टीत इंग्रजीत सी-एम-डी लिहिले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ असे इंग्रजीत जोडून लिहावे. आपल्या संगणकाचा पत्ता दिसेल. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. केबल ढिली असते किंवा वाय-फाय नीट जोडलेले नसते. पत्ता १९२.१६८ असा असेल तर इथवर सारे ठीक. मग ‘पिंग’ लिहून, जागा सोडून ८.८.८.८ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाकावा. हा गूगलचा सर्व्हर आहे. तिकडून उत्तर आले तर बाहेरची वाट मोकळी आहे. आता याच पद्धतीने एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकून पाहावे. अंकाला उत्तर येते आणि नाव मात्र सापडतच नाही, असे झाले तर वाट चांगली आहे, नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही यंत्रणा बिघडली आहे. एक ध्यानात ठेवा, काही यंत्रे सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर न देणारे यंत्र बंदच असेल असे समजू नये.

तिसरा टप्पा पलीकडचा, आणि पुष्कळदा दोष तिथेच असतो. फोन करून विचारावे. तिकडचा संगणक सुरू आहे का? पंधरा-वीस मिनिटे कुणी हात लावला नाही तर कित्येक संगणक आपोआप झोपतात, आणि झोपलेला संगणक हाकेला ओ देत नाही. ज्यावर दुरून काम करायचे त्याची ही झोपण्याची सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवावी. आणखी एक. विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकात जाता येते, पण विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने होम आवृत्तीत शिरता येत नाही. त्यासाठी पलीकडे प्रो आवृत्ती लागते. घरगुती संगणकावर तासन्‌तास झटून लोक नेटला दोष देतात, ते याच कारणाने.

चौथा टप्पा पहारेकऱ्याचा. संगणकात फायरवॉल असते, शिवाय अँटिव्हायरस असतो, कार्यालयाच्या राऊटरवर आणखी एक पहारा असतो. येणारे-जाणारे संदेश ठरावीक क्रमांकाच्या दारांतून जातात, त्यांना पोर्ट म्हणतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे दार ३३८९. टीमव्ह्यूअर ५९३८ हे दार पसंत करते, एनीडेस्क ८०, ४४३ आणि ६५६८ यांपैकी एक वापरते. बँकेच्या किंवा सरकारी जाळ्यात ही दारे मुद्दाम लावलेली असू शकतात. हे ओळखायची साधी युक्ती सांगतो. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्यावर जोडावा. जोडणी लगेच लागली तर दोष कार्यालयाच्या जाळ्याचा आहे. तिथल्या जबाबदार माणसाला विचारून परवानगी घ्यावी.

याच टप्प्यावर संगणकाचे घड्याळही पाहावे. जुन्या संगणकातली छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. सुरक्षित जोडणी करताना दोन्ही बाजू एकमेकींची ओळखपत्रे तपासतात, आणि ओळखपत्रांना मुदत असते. तारीख चुकली की खरे ओळखपत्रही खोटे ठरते. तारीख दुरुस्त केली की काम होते.

आता मघाचा फरक कामाला येतो. मोबाईल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडे आणि बाहेर एकच घरक्रमांक, असे ते असते. आतला माणूस बाहेर पडू शकतो, पण बाहेरच्याने पत्ता शोधत यावे तर कोणत्या खोलीत जायचे ते कळत नाही. म्हणून मोबाईल नेटवरच्या संगणकाला थेट पत्त्याने गाठता येत नाही. क्रमांकाचे सॉफ्टवेअर मात्र चालते, कारण तिथे दोघेही आतून बाहेर पडून मधल्या सर्व्हरपाशी भेटतात.

कधी जोडणी लागते, पण चित्र अडखळते. इथे लोक नेटचा वेग मोजतात. पण वेग चांगला असूनही संदेश जाऊन परत यायला उशीर लागत असेल तर कळ दाबल्यावर अक्षर सावकाश उमटते. पिंगच्या उत्तरात मिलिसेकंदांचा जो आकडा दिसतो तो हाच. शिवाय पाहायचा असतो तो पलीकडच्याचा अपलोड, कारण चित्र पाठवायचे काम त्याचे. चित्राचा दर्जा आणि रंग कमी करावे, तिकडचे डेस्कटॉपवरचे छायाचित्र काढावे, शेजारी कुणी मोबाईलवर सिनेमा पाहत असेल तर त्याला थांबवावे. आणि दूरच्या माणसाचा पडदा मध्येच काळा झाला तर लगेच जोडणी तोडू नये. विंडोज परवानगीची चौकट दाखवते तेव्हा ती दुरून आलेल्याला बहुधा दिसत नाही. यंत्राजवळच्या माणसाने ती वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले की चित्र परत येते.

श्रोतेहो, इथवर यंत्राची गोष्ट झाली. पण घाई झालेला माणूस टप्पे पाहत नाही. तो तीन आडवाटा धरतो, आणि तिन्ही घातक आहेत.

पहिली आडवाट म्हणजे फायरवॉल पूर्ण बंद करणे. काम होते, पण दार उघडेच राहते. ज्या सॉफ्टवेअरला वाट हवी तेवढ्यालाच परवानगी द्यावी. दुसरी, राऊटरवरचे ३३८९ हे दार साऱ्या जगासाठी खुले करणे. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतल्या या सोयीत ‘ब्लूकीप’ नावाची मोठी त्रुटी उघड झाली. पासवर्डाशिवायही आत शिरता येईल अशी ती होती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा कधीच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून धोका केवढा होता ते कळेल. कार्यालयात शिरायचे तर आधी व्हीपीएनचा खासगी मार्ग घ्यावा, मग आत जावे.

तिसरी आडवाट सगळ्यांत वाईट. ‘काम होत नाही ना, मग हे ॲप घ्या आणि क्रमांक सांगा,’ असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला क्रमांक सांगणे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केले होते आणि त्यात एनीडेस्कचे नाव होते. सॉफ्टवेअर वाईट नाही. पण क्रमांक सांगून परवानगी दिली की समोरच्याला आपला पडदा दिसतो, आलेला ओटीपी दिसतो, आपल्या खात्यापर्यंत त्याचा हात पोहोचतो. बँक, वीज कंपनी, पोलीस, कुणीही स्वतःहून फोन करून असा क्रमांक मागत नाही. मदतीसाठी फोन आपण करावा, ओळखीच्या माणसाला करावा, आणि काम संपेपर्यंत पडद्यासमोरून उठू नये. फसवणूक झालीच तर आधी नेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. इथे मिनिटांना किंमत आहे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येऊ शकतो.

राहता राहिले सरकारी संकेतस्थळ. बाकी सगळे उघडते, दूरचा पडदाही दिसतो आणि तेवढे एकच पान अडते, तर दोष आपल्याकडचा नसण्याचीच शक्यता जास्त. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिथे राज्यभराची गर्दी होते. राऊटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही. पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह काढून ठेवावे, म्हणजे मुदतीबद्दल दाद मागताना अर्जदाराच्या हाती काहीतरी राहते. आणि कोणताही संदेश पडद्यावर आला तर तो शब्दशः उतरवून घ्यावा. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ एवढ्यावर दुरुस्ती करणाऱ्याला काही करता येत नाही.

केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. हे पाच प्रश्न एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. माझे नेट चालते का? पत्ता मिळाला का? पलीकडचे यंत्र जागे आहे का? पहारा कुणाचा आहे? की संकेतस्थळच थकले आहे? पाच-दहा मिनिटांत बहुतेक उत्तर मिळते. मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला ‘नेट नाही, उद्या या’ असे सांगावे लागणार नाही. ‘राऊटर सुरू होतो आहे, पाच मिनिटे बसा,’ असे सांगता येईल. किंवा ‘फायबर तुटली आहे, कंपनीला कळवले आहे, तुमचा नंबर द्या, सुरू झाले की फोन करते,’ असे सांगता येईल. काम त्या दिवशी होईल न होईल, पण तिची दुसरी खेप तरी वाया जाणार नाही.