डिकीतला बाक

चातुर्मासात मुनिश्रींच्या दर्शनाला किंवा कुंभोजच्या बाहुबलीला सहकुटुंब निघायचे, तर पाच आसनांची गाडी अपुरी पडते. मग गॅरेजमधून डिकीत एक बाक बसवून घेतला जातो. गादी, रेक्झिनचे आवरण आणि खाली चार बोल्ट. तिथे बसतात ती घरातील मुले.

प्रश्न त्या चार बोल्टांचाच आहे. कारखान्यात बसवलेले आसन सांगाड्यातील खास मजबूत केलेल्या जागी जखडलेले असते. डिकीचा पत्रा सामानापुरताच असतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर 30 किलोच्या मुलाचा भार क्षणभर जवळजवळ 600 किलो होतो. बहुधा तिथे पट्टाही नसतो. शिवाय मागून धडक बसली की आधी चेपतो तो हाच भाग.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील. अशा बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. विमा कंपनीलाही दावा अडवण्यास आयते निमित्त मिळते. दुकानाच्या मालाचा विमा वेळेवर भरणाऱ्या घरांनी ही जोखीम पत्करावी, हे नवलच.

वर्षातून दोन-चार यात्रांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने मिळतो. गरज रोजचीच असेल, तर मुळातच सात आसनांची गाडी घ्यावी. जुनी चालेल, मात्र प्रमाणपत्रावरील आसनसंख्या आधी वाचून घ्यावी.