टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा 1965-66 चा बास्केटबॉल हंगाम

टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने 1965-66 च्या हंगामात 29 पैकी 28 सामने जिंकले आणि अमेरिकेचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकावले. 19 मार्च 1966 रोजी मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे झालेल्या अंतिम सामन्यात या संघाने केंटकी विद्यापीठाला 72-65 असे हरवले. टेक्सास वेस्टर्नचे मैदानात उतरलेले पहिले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. समोरचा केंटकीचा संपूर्ण संघ गोरा होता.

हे कॉलेज मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या एल पासो शहरात आहे. 1914 मध्ये खाणकामाचे शिक्षण देणारी संस्था म्हणून त्याची सुरुवात झाली. बास्केटबॉलच्या नकाशावर त्याला फारसे स्थान नव्हते. मात्र दक्षिणेतील इतर बहुतेक संस्थांच्या आधी, 1956 मध्येच, चार्ली ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू येथून खेळू लागला होता. डॉन हॅस्किन्स 1961 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा ही वाट आधीच मोकळी झालेली होती. 2006 च्या ‘ग्लोरी रोड’ या चित्रपटात हॅस्किन्स यांचा पहिलाच हंगाम विजेतेपदाचा दाखवला आहे. प्रत्यक्षात त्यामागे आणखी चार वर्षांची मेहनत होती.

हॅस्किन्स हे हेन्री आयबा यांचे शिष्य. आयबांच्या पद्धतीत बचाव आधी आणि गुण नंतर. टेक्सासमधील लहान गावांच्या शाळांत मुलामुलींचे संघ घडवून हॅस्किन्स एल पासोला आले. सराव कमालीचा कठोर असे आणि चुकीला माफी नसे. खेळाडू त्यांनी दूरदूरहून जमवले. ऑर्स्टन आर्टिस आणि हॅरी फ्लॉर्नॉय इंडियानातील गॅरी शहरातले, बॉबी जो हिल डेट्रॉइटच्या परिसरातला, विली वर्स्ली, नेव्हिल शेड आणि विली केजर न्यूयॉर्कचे, तर धिप्पाड डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा. बारा जणांच्या चमूत सात कृष्णवर्णीय, चार गोरे आणि मेक्सिकन वंशाचा एक खेळाडू होता.

कृष्णवर्णीय खेळाडू उड्या चांगल्या मारतात, पण डोके शांत ठेवून शिस्तीत खेळवायला एखादा गोरा खेळाडू सोबत लागतोच, हा समज त्या काळी राजरोस बोलून दाखवला जाई. काही संघांत एका वेळी किती कृष्णवर्णीय खेळवायचे याचे अलिखित नियमच होते. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने 1963 मध्ये चार कृष्णवर्णीय खेळाडूंसह विजेतेपद जिंकले होते, तरीही समज टिकून होता. टेक्सास वेस्टर्नच्या खेळाची रीत पाहिली की तो किती पोकळ होता हे कळते. हा संघ वेगाने धावत सुटणारा नव्हता. चेंडू हातात राखायचा, चांगली संधी येईपर्यंत थांबायचे आणि प्रतिस्पर्ध्याला एकही सोपा नेम मिळू द्यायचा नाही, अशी त्याची चाल होती. महाविद्यालयीन खेळात तेव्हा नेमासाठी वेळेची मर्यादा नव्हती आणि तीन गुणांचा बास्केटही नव्हता. त्यामुळे चिवट बचाव करणाऱ्या संघाला सामना आपल्या गतीने खेळवता येत असे.

हंगामाची सुरुवात सलग 23 विजयांनी झाली. देशातील बलाढ्य संघांत गणल्या जाणाऱ्या आयोवाला या संघाने सहज हरवले. एकमेव पराभव नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात सिएटलविरुद्ध, तोही केवळ दोन गुणांनी.

राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा 22 संघ असत. ओक्लाहोमा सिटीला 89-74 असे हरवल्यावर खरी कसोटी लागली. सिनसिनाटीविरुद्ध शेडला ठोसा मारल्याबद्दल बाहेर काढण्यात आले आणि ज्यादा वेळेत सामना 78-76 असा सुटला. कॅन्ससविरुद्ध तर ज्यादा वेळेचे दोन डाव लागले. पहिल्याच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाइटने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, पण त्याचा पाय रेषेवर पडल्याचा निर्णय पंचांनी दिला. शेवटी टेक्सास वेस्टर्नने 81-80 अशी बाजी मारली. एवढ्या निसटत्या निर्णयावर हा सारा इतिहास उभा आहे. उपांत्य सामन्यात युटाचा जेरी चेंबर्स कुणालाच आवरत नव्हता. त्याला रोखण्याचे काम जेरी आर्मस्ट्राँग या गोऱ्या राखीव खेळाडूने केले. अंतिम सामन्याच्या वर्णनांत त्याचे नाव येत नाही, पण त्याच्या या कामगिरीची आठवण ठेवायला हवी.

केंटकीचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या नावावर चार राष्ट्रीय विजेतेपदे होती आणि त्यांचा संघ क्रमवारीत पहिला होता. त्याचे खेळाडू उंचीने कमी पण चपळ. म्हणून हॅस्किन्स यांनी उंच शेडऐवजी 5 फूट 6 इंचांच्या वर्स्लीला उतरवले आणि तीन गार्ड एकत्र खेळवले. सामना सुरू होताच लॅटिनने केंटकीच्या पॅट रायलीच्या डोक्यावरून जोरदार डंक मारला. थोड्याच वेळात हिलने काही सेकंदांच्या अंतराने केंटकीच्या दोन गार्डांच्या हातून चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा एकट्याने जाऊन गुण केले. तिथून केंटकीला पुन्हा आघाडी घेता आली नाही. मैदानातून केंटकीचे बास्केट जास्त होते, 27 विरुद्ध 22. फरक पडला फ्री थ्रोंमध्ये: टेक्सास वेस्टर्नने 34 पैकी 28 साधले, तर केंटकीने 13 पैकी 11. हिलने सर्वाधिक 20 गुण केले. संघाच्या वतीने त्या रात्री फक्त सात कृष्णवर्णीय खेळाडूच खेळले. आपण आपले सर्वोत्तम खेळाडू उतरवले, इतिहास घडवण्याचा विचार मनात नव्हता, असे हॅस्किन्स पुढे सांगत राहिले.

परिणाम लगेच सगळीकडे दिसला नाही, पण तटबंदी ढासळू लागली. केंटकी ज्या आग्नेय गटात खेळे, तिथे 1967-68 मध्ये व्हँडरबिल्टकडून पेरी वॉलेस उतरला. खुद्द केंटकीने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू 1969 मध्ये घेतला. एल पासोतही सारे आलबेल नव्हते. 1967 मध्ये कॉलेजचे नाव एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे झाले. पुढच्याच वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने कृष्णवर्णीय खेळाडूंवरील लेखमालेत या संस्थेतील वागणुकीवर कठोर टीका केली. त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध स्पर्धेत उतरण्यास नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय अ‍ॅथलीटांना संघातून काढण्यात आले. त्यांत काही महिन्यांनी ऑलिंपिकमध्ये लांब उडीचा विश्वविक्रम करणारा बॉब बीमनही होता.

लॅटिन व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, आर्टिस गॅरीच्या पोलीस दलात गेला, हिल एल पासोतच नैसर्गिक वायूच्या कंपनीत नोकरीला लागला. हॅस्किन्स 1999 पर्यंत याच संस्थेत राहिले. त्यांच्या कारकिर्दीत 719 विजय जमा झाले. विद्यापीठाच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे. 2007 मध्ये संपूर्ण संघाला नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. 2021 मध्ये बेलर जिंकेपर्यंत पुरुषांचे हे राष्ट्रीय विजेतेपद टेक्सासमधील दुसऱ्या कोणत्याही संघाला मिळवता आले नव्हते.